महाकाय शिंपल्यांच्या संवर्धनासाठी जनुकीय चिन्हके कशी तयार करावीत

द्वारका आणि बेट द्वारकेकडचे ओखामंडळ बडोदे संस्थानाच्या ताब्यात होते, त्यामुळे समुद्रातल्या जीवांची शास्त्रीय नोंद ठेवण्याची परंपरा बडोदे शहराला जुनीच आहे. संस्थानाच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांच्याकडून ओखामंडळाच्या सागरी प्राणिसृष्टीचा अहवाल करून घेतला. त्याचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज बडोद्यातल्या प्रयोगशाळेत समुद्र पोहोचत नसला, तरी कुपीतला तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा पोहोचतो आणि जनुकीय चिन्हके, म्हणजे जाती किंवा प्राणी वेगळे ओळखू देणारे डीएनएचे तुकडे, तयार करण्याचे बहुतेक काम त्या तुकड्यावरच होते. येथील जे मराठी विद्यार्थी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा पीएच.डी.साठी हा विषय घेऊ इच्छितात, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. पीसीआर आणि जेल यांची तोंडओळख वाचकाला आहे, असे मी गृहीत धरले आहे.

महाकाय शिंपले म्हणजे ट्रायडॅक्ना आणि हिप्पोपस या दोन प्रजातींतले द्विपुट (दोन शिंपांचे) मृदुकाय प्राणी. हिंद आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण प्रवाळभित्तींवर यांच्या सुमारे डझनभर जाती आढळतात, आणि त्यांतली सर्वांत मोठी, ट्रायडॅक्ना गिगास, एक मीटरहून लांब आणि २०० किलोहून जड होऊ शकते. आपल्याकडे लक्षद्वीप आणि अंदमान-निकोबारच्या भित्तींवर प्रामुख्याने ट्रायडॅक्ना मॅक्सिमा आणि ट्रायडॅक्ना स्क्वामोसा या लहान जाती दिसतात. मांसासाठी, कवचासाठी आणि मत्स्यालयांसाठी यांची उचल होते. फिलिपिन्समधील पालावान येथे २०२१ साली एकाच कारवाईत सुमारे २०० टन कवचे जप्त झाली, यावरून व्यापाराचा आवाका कळेल. त्यात समुद्र तापला की प्रवाळांप्रमाणे हे शिंपलेही पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या भित्तींनी अशा पांढरे पडण्याची, म्हणजे विरंजनाची, मोठी संकटे १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली सोसली आहेत.

प्रश्न ठरल्याखेरीज पिपेट हातात घेऊ नये

विद्यार्थी माझ्याकडे येतात तेव्हा बहुधा त्यांचे तंत्र ठरलेले असते आणि प्रश्न ठरलेला नसतो. हा क्रम उलटा करावा, कारण प्रत्येक चिन्हक एका विशिष्ट प्रश्नालाच नीट उत्तर देते.

जप्त केलेले मांस किंवा कवच कोणत्या जातीचे आहे, एवढेच जाणून घ्यायचे असेल तर मायटोकॉन्ड्रियातील सीओआय किंवा १६-एस या जनुकांचा तुकडा वाचणे पुरते. हे काम वाटते तितके किरकोळ नाही. ट्रायडॅक्ना नोए ही जात वर्षानुवर्षे मॅक्सिमा म्हणूनच मोजली जात होती. डीएनएच्या आणि प्रावाराच्या (कवचाच्या आतल्या मांसल पडद्याच्या) रंगरूपाच्या एकत्रित अभ्यासानंतर २०१४ साली तिला पुन्हा स्वतंत्र जातीचे स्थान मिळाले. दोन जाती एक समजून केलेली गणना संवर्धनाची दिशाच चुकवते, कारण दुर्मिळ जातीचा ऱ्हास विपुल जातीच्या आकड्यांत झाकला जातो.

दोन बेटांवरच्या शिंपल्यांमध्ये जनुकांची देवाणघेवाण होते की नाही, हा प्रश्न असेल तर पेशीकेंद्रकातील अनेक स्वतंत्र चिन्हके लागतात. या शिंपल्यांचे डिंभ (अंड्यातून निघालेली सूक्ष्म पिले) जेमतेम आठवडा-दीड आठवडा पाण्यात तरंगतात आणि मग तळाशी बसतात. त्यामुळे प्रवाहाचा नकाशा पाहून अंदाज बांधण्याचा मोह होतो. तो आवरावा. पश्चिम प्रशांत महासागरातील मॅक्सिमावर बेन्झी आणि विल्यम्स यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जनुकीय नात्यांची रचना आजच्या प्रवाहांशी जुळली नव्हती.

तिसरा प्रश्न पैदास केंद्राचा. महाकाय शिंपला आधी नर असतो आणि पुढे उभयलिंगी होतो. एकच प्राणी आधी शुक्राणू आणि नंतर अंडी सोडतो, आणि स्वफलनही शक्य असते. एकेका प्राण्यापासून लाखो अंडी मिळत असल्याने केंद्रात चार-पाच पालकांवर काम भागवण्याची सोय दिसते. पण प्रभावी पालकसंख्या चार असेल तर एका पिढीत विषमयुग्मजतेचा (एकाच जनुकस्थानी दोन वेगळी रूपे असण्याच्या प्रमाणाचा) आठवा भाग, म्हणजे साडेबारा टक्के, गळून जातो. अशी पिले भित्तीवर सोडण्यापूर्वी पालकत्व तपासायचे असेल तर दहा ते पंधरा चांगली बहुरूपी मायक्रोसॅटेलाइट चिन्हके (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्ती), किंवा शे-दीडशे एसएनपींचा (डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांचा) नेमका संच, पुरेसा ठरतो.

परवानगी आणि नमुने

ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस या जाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. संशोधनासाठीही केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीने मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना घ्यावा लागतो. नमुना किंवा डीएनए परदेशी सहकाऱ्याकडे पाठवायचा असल्यास साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाचे आणि जैविक विविधता कायदा, २००२ चे नियम लागू होतात. परवान्यास अनेक महिने लागू शकतात, म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज करावा. तोवरचा काळ वाया घालवू नये. मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांना बर्फात घालून तिसऱ्या आणायला सांगाव्यात आणि डीएनए काढण्याचा हात त्यांच्यावर बसवावा. द्विपुटांचे चिकट मांस कसे वागते हे तिसऱ्या उत्तम शिकवतात.

एका ठिकाणाहून किती प्राणी घ्यावेत, याचे उत्तर साध्या गणितात आहे. तीस प्राण्यांमध्ये प्रत्येक जनुकस्थानाच्या साठ प्रती असतात. एखादा अलील (जनुकस्थानाचे एक रूप) त्या समूहात पाच टक्के प्रमाणात असेल, तर साठही प्रतींत तो न सापडण्याची शक्यता ०.९५ चा साठावा घात, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडी कमी येते. म्हणून तीस हा आकडा रूढ झाला आहे. समूहच लहान असेल तर कमी घ्यावेत आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे. आकडा गाठण्यासाठी भित्तीवर ताण देऊ नये.

प्राणी न मारता प्रावाराच्या कडेचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निर्जंतुक कात्रीने कापता येतो. पाणबुड्याने शिंपला सावध होऊन मिटण्यापूर्वी, वरून सावली न पाडता हे करावे. दोन प्राण्यांच्या मध्ये कात्री आणि चिमटा स्वच्छ करणे पाण्याखाली कंटाळवाणे होते, पण ते टाळल्यास एका प्राण्याचा डीएनए दुसऱ्याच्या कुपीत जातो आणि ती चूक पुढे कोणत्याही संगणकाला दुरुस्त करता येत नाही. प्रत्येक नमुन्याबरोबर प्राण्याचे छायाचित्र, कवचाची लांबी, खोली आणि जीपीएस स्थान नोंदवावे. छायाचित्र सर्वांत महत्त्वाचे, कारण नोए आणि मॅक्सिमाचा घोळ त्यावरूनच पकडता येतो.

तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावा आणि चोवीस तासांनी इथेनॉल बदलावे, कारण मांसातले पाणी उतरून ते पातळ होते. इथेनॉल ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाच्या किंवा रेल्वेच्या सामानात त्याच्या बाटल्या नेता येत नाहीत. कोची ते बडोदे हा प्रवास लक्षात घेता मी मिठाने संपृक्त केलेले २० टक्के डीएमएसओचे द्रावण पसंत करते, त्यात ०.२५ मोलर ईडीटीए असते आणि नमुना सामान्य तापमानालाही टिकतो. तरीही मे महिन्यातल्या बडोद्याच्या उन्हात खोके गाडीत विसरू नये.

डीएनए काढणे, आणि आतल्या शैवालाचा प्रश्न

शिंपल्याच्या मांसात बुळबुळीत बहुशर्करा भरपूर असतात आणि त्या पीसीआर अडवतात. बाजारातल्या तयार किटने काम होते, पण मला दोन टक्के सीटीएबीची जुनी पद्धत अधिक भरवशाची वाटते. द्रावणात १.४ मोलर मीठ, २० मिलीमोलर ईडीटीए, पीएच ८ चे १०० मिलीमोलर ट्रिस आणि थोडे मर्कॅप्टोइथेनॉल असावे. प्रोटिनेज-के घालून ६० अंशांना रात्रभर ठेवावे. दुसऱ्या दिवशी क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोलने (२४:१) एकदा नव्हे, दोनदा धुवावे आणि आयसोप्रोपेनॉलने डीएनए खाली बसवावा. मर्कॅप्टोइथेनॉल आणि क्लोरोफॉर्म दोन्ही प्रयोगशाळेतल्या फ्यूम हुडमध्येच हाताळावेत. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० चे गुणोत्तर १.८ च्या आसपास आले तरी समाधान मानू नये. २६०/२३० चे गुणोत्तर पडलेले असेल तर बहुशर्करा अजून आहेत. अशा वेळी डीएनए दहापट पातळ करून आणि मिश्रणात बीएसए घालून पाहावे. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

आता या विषयातली सर्वांत अवघड गोष्ट. महाकाय शिंपल्याच्या प्रावारात सूक्ष्म नलिका असतात आणि त्यांत झूक्झँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि शिंपल्याला देतात. या शिंपल्याला इतके मोठे होता येते ते या भागीदारीमुळे. पण प्रावाराचा तुकडा कापला की त्यात शिंपल्याबरोबर शैवालाचाही डीएनए येतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हे पुस्तकात वाचलेले असूनही त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. पुनरावृत्ती शोधल्या, प्रायमर मागवले, जेलवर सुरेख पट्टे आले, आणि अनेक महिन्यांनी कळले की त्यांतले बरेच पट्टे शैवालाचे आहेत. ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले असते तर दोन बेटांच्या शैवालांमधला फरक आम्ही शिंपल्यांमधला फरक म्हणून सांगितला असता, आणि कदाचित त्यावरून कोणी भित्तींच्या संरक्षणाचे निर्णय घेतले असते. तेव्हापासून मी पुढील तीन गोष्टींचा आग्रह धरते.

पहिली गोष्ट, चिन्हके शोधण्यासाठीचा मूळ क्रम शैवालविरहित ऊतीतून काढावा. मेलेला प्राणी परवान्यासह मिळाला तर कवच मिटणारा स्नायू घ्यावा, प्रावार नव्हे. पैदास केंद्राशी संबंध असेल तर शुक्राणू आणखी चांगले, कारण पिलांना शैवाल आईबापांकडून मिळत नाही, ते त्यांना समुद्रातून घ्यावे लागते. म्हणजे शुक्राणूंत झूक्झँथेली नसतात. दुसरी गोष्ट, मिळालेले सर्व क्रम उपलब्ध असलेल्या शैवाल-जीनोमांवर ताडून पाहावेत. या शिंपल्यांत सिम्बायोडिनियम, क्लॅडोकोपियम आणि ड्युरुस्डिनियम या तीन प्रजाती भेटतात, तेव्हा तिन्हींशी तुलना करावी. एकीशी तुलना करून थांबू नये. तिसरी गोष्ट मला सर्वांत विश्वासाची वाटते, आणि ती स्वस्तही आहे: प्रयोगशाळेत वाढवलेल्या शैवालाचा डीएनए मिळवून प्रत्येक प्रायमरजोडी त्यावर चालवावी. तिथे पट्टा आला की ती जोडी रद्द. येथे सवलत देऊ नये.

चिन्हकांची निवड आणि प्रायमर

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे दोन ते सहा अक्षरांची लागोपाठची पुनरावृत्ती. तिची लांबी प्राण्यागणिक बदलते म्हणून ती उपयोगी. एका प्राण्याच्या डीएनएचे इल्युमिना यंत्रावर उथळ वाचन करून घ्यावे. ही सेवा आता भारतातल्या अनेक कंपन्या देतात, तेव्हा बडोद्यात यंत्र नसल्याने काही अडत नाही. या शिंपल्यांचा जीनोम एक अब्ज बेसजोड्यांच्या घरातला आहे. तो पूर्ण जुळवण्याची गरज नाही, दोन-तीन अब्ज बेसांच्या वाचनातही हजारो पुनरावृत्ती सापडतात. त्या शोधण्यास मिसा आणि प्रायमर आखण्यास प्रायमर-थ्री ही मोफत साधने पुरतात. दोन अक्षरी पुनरावृत्तींच्या शिखरांना सावलीसारखी उपशिखरे येतात आणि वाचताना घोटाळा होतो, म्हणून तीन किंवा चार अक्षरी पुनरावृत्तींना मी झुकते माप देते.

मृदुकायांच्या जीनोममध्ये एक खोच आहे, जी माशांवर काम करणाऱ्यांना भेटत नाही. अनेक पुनरावृत्तींच्या दोन्ही बाजूंचे क्रम जीनोमभर विखुरलेल्या फिरत्या घटकांचे असतात. म्हणजे तुम्ही एका जागेसाठी प्रायमर आखता आणि तो पन्नास जागी चिकटतो. म्हणून आखणीपूर्वी सर्व पुनरावृत्तींच्या कडेचे क्रम एकमेकांशी ब्लास्टने ताडावेत आणि जुळणारे सगळे वगळावेत. यादी निम्म्याहून लहान झाली तरी वाईट वाटून घेऊ नये.

उरलेल्यांतून तीस-चाळीस जोड्या मागवाव्यात. उत्पादनाची लांबी १०० ते ३०० बेस आणि वितळण्याचे तापमान ६० अंशांच्या आसपास ठेवावे. जप्त कवचांवर वापर अपेक्षित असेल तर लांबी १५० च्या आतच हवी, कारण कवचात टिकलेला डीएनए तुटका असतो. प्रत्येक प्रायमरला स्वतंत्र चमकता रंग लावणे महाग पडते. त्याऐवजी पुढच्या प्रायमरला एम-१३ ची अठरा अक्षरी शेपटी लावून एकच रंगीत एम-१३ प्रायमर सर्वांसाठी वापरावा. ही युक्ती २००० साली प्रसिद्ध झाली आणि मर्यादित अनुदानात काम करणाऱ्यांना तिचा आजही मोठा आधार आहे. आधी दूरदूरच्या ठिकाणांचे आठ प्राणी घेऊन तीन टक्के अ‍ॅगरोज जेलवर चाचणी करावी, आणि स्वच्छ पट्टा देणाऱ्या जोड्याच पुढे केशनलिका-यंत्रावर न्याव्यात.

अनुदान बरे असेल आणि प्रश्न बेटांमधल्या नात्याचा असेल, तर दुहेरी-छेद रॅड पद्धतीने एकदम हजारो एसएनपी मिळतात. तेथेही शैवालाची चाळणी तीच. शिवाय किमान ८० टक्के प्राण्यांत सापडणारी आणि पुरेशा खोलीने वाचलेली स्थानेच ठेवावीत. एसएनपींचा मोठा फायदा असा की दोन प्रयोगशाळांचे निकाल सरळ जोडता येतात. मायक्रोसॅटेलाइटच्या लांब्या यंत्रागणिक एक-दोन बेसांनी सरकतात, म्हणून दुसऱ्या गटाशी आकडे जोडण्यापूर्वी दोन्हीकडे काही समान नमुने चालवावे लागतात.

सीओआयबद्दल एक सूचना. १९९४ पासून सर्वत्र वापरले जाणारे फोल्मर यांचे सार्वत्रिक प्रायमर महाकाय शिंपल्यांवर अनेकदा फसतात. ट्रायडॅक्नासाठी खास आखलेले प्रायमर उपलब्ध आहेत. ते घ्यावेत आणि मिळालेल्या क्रमाचे अमिनो आम्लांत भाषांतर करून मधेच थांबण्याची खूण येत नाही ना, हे पाहावे. आली तर तो खरा मायटोकॉन्ड्रियाचा क्रम नसून केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत असण्याचा संशय घ्यावा.

मूक अलील आणि चिन्हकांची परीक्षा

द्विपुटांमध्ये बेसांचे बदल फार दाट असतात. प्रायमर चिकटण्याच्या जागीच बदल असला तर तो अलील पीसीआरमध्ये उमटत नाही. असा प्राणी प्रत्यक्षात विषमयुग्मजी असूनही जेलवर समयुग्मजी दिसतो. अशा मूक अलीलांची संख्या वाढली की समूहात विषमयुग्मजींची तूट दिसते, आणि घाईत लिहिणारा विद्यार्थी तिचे कारण आंतरप्रजनन असे देऊन मोकळा होतो. संवर्धनात या चुकीचे परिणाम गंभीर असतात: निरोगी समूह आजारी ठरतो आणि त्यात गरज नसताना बाहेरची पिले सोडण्याची शिफारस होते.

म्हणून प्रत्येक स्थानाची हार्डी-वाइनबर्ग समतोलाशी (मुक्त प्रजननात अपेक्षित असलेल्या प्रमाणांशी) तुलना करावी, अनेक चाचण्यांसाठी दुरुस्ती करावी, आणि तूट सर्व स्थानांवर सारखी आहे की दोन-तीन स्थानांवरच, हे पाहावे. खऱ्या आंतरप्रजननाची तूट सर्व स्थानांवर पसरते. मूक अलीलांची तूट ठरावीक स्थानांवर साचते. मायक्रो-चेकरसारखे सॉफ्टवेअर मदत करते, पण निर्णय आपणच घ्यायचा असतो. दहापैकी एक नमुना पुन्हा सुरुवातीपासून चालवून चुकीचे प्रमाण काढावे आणि ते निबंधात छापावे.

पैदास केंद्रातले एखादे कुटुंब मिळाल्यास परीक्षा पूर्ण होते. दोन्ही पालक आणि त्यांची तीस-चाळीस पिले तपासून अलील मेंडेलच्या नियमाने उतरतात की नाही ते पाहावे. ज्या पिलांत एकाच पालकाचे अलील सर्व स्थानांवर सापडतात, ती स्वफलनाची समजावीत; केंद्रचालकांसाठी ही माहिती फार मोलाची असते, कारण अशी पिले भित्तीवर सोडण्यासाठी निवडू नयेत. फिलिपिन्समध्ये बोलिनाओ येथील सागरी प्रयोगशाळेने गिगास जातीची पिले वाढवून दीर्घकाळ भित्तींवर सोडली आहेत. लक्षद्वीपमध्ये तसा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर हाती घेतला गेला, तर पालकांची निवड सुरू होण्यापूर्वीच ही चिन्हके तयार असली पाहिजेत.

तयार झालेल्या संचाचे प्रायमर, तापमाने, अलीलांच्या लांब्या आणि रद्द केलेल्या जोड्यांची यादीही जेनबँक या सार्वजनिक डीएनए-संग्रहातल्या क्रमांसह सर्वांना उपलब्ध करून द्यावी. रद्द जोड्या लपवल्या की पुढचा विद्यार्थी त्याच मागवतो. वन विभागाला जो अहवाल द्यायचा, त्यात सांख्यिकीचे तक्ते शेवटी ठेवावेत आणि पहिल्या पानावर साध्या भाषेत तीनच गोष्टी लिहाव्यात: कोणत्या बेटांचे शिंपले एक समूह मानावेत, कोणते वेगळे, आणि कोणत्या भित्तीवरची विविधता आधीच कमी झालेली आहे. उरलेला डीएनए उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये, परवाना क्रमांक लिहिलेल्या कुप्यांत ठेवावा, म्हणजे पुढच्या विरंजनानंतर त्याच भित्तीवरून नवे नमुने आले की तुलनेसाठी जुने हाताशी असतील.